स्क्रू-ड्रायव्हर तिच्याच हातात राहू द्या: मुलींसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचा कृतिवर्ग, टप्प्याटप्प्याने

मुलींसाठी घेतलेली विज्ञान कार्यशाळा फसते, तेव्हा बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसते. पाच-सहा जणींत मिळून एक संच असतो. एक जण तारा जोडते, एक जण सेल धरून बसते, एक जण वहीत सुबक आकृती काढते, बाकीच्या बघत राहतात. दिवा लागला नाही की शिकवणारे वाकतात, दोन तारा इकडच्या तिकडे करतात, दिवा लागतो आणि टाळ्या पडतात. मुलींच्या मनात मात्र एवढंच राहतं की अडलं की दुसरं कुणीतरी येऊन नीट करून देतं. अशा दिवसानंतर एखादी मुलगी अभियांत्रिकीचा किंवा संगणकशास्त्राचा विचार करू लागेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

हा लेख शिक्षक, पालक आणि असे वर्ग घेणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आहे. साधारण ११ ते १५ वर्षांच्या मुली, आठवड्यातून एकदा दीड तास आणि एकूण आठ सत्रं, असा आराखडा धरला आहे. सत्रं कमी-जास्त करता येतील, पण टप्प्यांचा क्रम बदलू नका. सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे: बिघाड मुलीनेच शोधायचा आणि स्वतःच्या हातांनी दूर करायचा.

१. गट पाडण्याआधी संच मोजा

दोघींमागे एक पूर्ण संच हवा. तिघींत एक चालत नाही, कारण तिसरी हमखास लेखनिक होते. संच बारा असतील तर चोवीस मुली घ्या, तीस नको. नाव नोंदवलेल्या सगळ्यांना एकदम बसवण्यापेक्षा दोन तुकड्या करा.

मुलगे-मुली एकत्र असतील तर हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा ठरतो. प्रयोगाच्या तासाला साहित्य प्रत्यक्ष कोण हाताळतं, हे अमेरिकेतल्या शाळांमध्ये बसून नोंदवलेला एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गट समान दिसत असले तरी उपकरणं मुलग्यांच्या हातात जास्त होती. मोकळं सोडलं की असं होतं, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. माझं मत असं, की पहिले चार टप्पे शक्य असल्यास फक्त मुलींबरोबर घ्यावेत. हात बसल्यानंतर मिश्र गट करावेत आणि त्यातही कामाच्या पाळ्या ठरवून द्याव्यात.

एका संचात एवढं हवं:

- १.५ व्होल्टचे तीन एए सेल आणि तीन सेलचा होल्डर
- ब्रेडबोर्ड (भोकांत तारा खोचून सर्किट जोडायची प्लास्टिकची पाटी) आणि दहा-बारा जोडतारा
- पाच लाल एलईडी (एक-दोन जळणारच, त्याची तयारी ठेवा)
- २२० ओहमचे पाच रेझिस्टर (प्रवाहाला अडवून मर्यादेत ठेवणारे छोटे भाग)
- एक साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम आणि प्रवाह मोजणारं, आणि जोड सलग असेल तर बीप देणारं यंत्र)
- फुली आणि सपाट टोकाचे लहान स्क्रू-ड्रायव्हर, लहान पक्कड, चिमटा

बरेच जण ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेतात. ती घेऊ नका. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो, मोटर जोडली की लगेच दम तोडते, आणि एलईडी उलटा लागला तर त्यावर त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त उलटा विद्युतदाब (व्होल्टेज) येतो. साध्या एलईडीची उलट्या दाबाची मर्यादा साधारण ५ व्होल्ट असते. तीन एए सेल मिळून ४.५ व्होल्ट देतात, म्हणजे उलटा लावलेला एलईडी पेटणार नाही पण मरणारही नाही. चूक करून बघायला ही जागा हवीच.

इशारा: बटणसारखे चपटे सेल वर्गात आणणार असाल तर ते मोजून द्या आणि मोजून परत घ्या. लहान मुलाने ते गिळले तर अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होऊ शकते. घरी धाकटी भावंडं असतात, म्हणून हे सेल घरी पाठवू नका.

२. आदल्या दिवशी स्वतः बनवा, स्वतः बिघडवा

जे मुलींकडून करून घ्यायचं ते सगळं त्याच साहित्यातून आधी स्वतः करा. दुसऱ्या संचावर चाललं म्हणजे यावरही चालेल, असं गृहीत धरू नका. काही ब्रेडबोर्डच्या कडेच्या लांब पट्ट्या मध्यभागी तुटलेल्या असतात. लाल रेघ सलग दिसते, पण वरच्या अर्ध्या भागातली वीज खालच्या अर्ध्यात पोचत नाही. तुमच्याकडचे बोर्ड कसे आहेत ते मल्टिमीटर लावून पाहा आणि लक्षात ठेवा.

मग प्रत्येक जोडीला एक पुरेल अशा, चार-पाच प्रकारे मुद्दाम बिघडवलेल्या मांडण्या तयार करून बाजूला ठेवा. त्या चौथ्या टप्प्यात लागतील. चांगले बिघाड हे:

- एलईडी उलटा
- तार एक ओळ सोडून शेजारी खोचलेली
- होल्डरमधला एक सेल उलटा
- प्लास्टिकच्या आवरणाच्या आत तुटलेली तार
- २२० ओहमऐवजी २२० किलोओहमचा रेझिस्टर

शेवटचा बिघाड विशेष कामाचा आहे. २२० ओहमवर लाल-लाल-तपकिरी पट्टे असतात आणि २२० किलोओहमवर लाल-लाल-पिवळे. फरक एका पट्ट्याचा, पण प्रवाह हजारपट कमी. सगळं बरोबर जोडलेलं दिसतं आणि दिवा मात्र जेमतेम मिणमिणतो किंवा दिसतच नाही.

तपासा: प्रत्येक मल्टिमीटर बीपच्या जागेवर ठेवून त्याची दोन टोकं एकमेकांना लावली की बीप येतो का? प्रत्येक सेल १.५ व्होल्टच्या आसपास दाखवतो का? हे वर्ग भरण्याआधी झालं पाहिजे, वर्गात नव्हे.

३. पहिलं सत्र: जोडू नका, उघडा

सुरुवात सर्किटने केली की ज्या मुलींना "मला हे जमणार नाही" असं आधीच वाटत असतं त्या मागे सरकतात, कारण सर्किट लागतं किंवा लागत नाही. एखादी वस्तू उघडून पाहण्यात नापास व्हायची भीतीच नसते. म्हणून पहिल्या दिवशी बंद पडलेल्या वस्तू उघडायला द्या: संगणकाचा माउस, कीबोर्ड, सेलवर चालणारं खेळणं, भिंतीवरचं घड्याळ, सेलवरचा रेडिओ.

माउस सगळ्यांत उत्तम. एक-दोन स्क्रूत उघडतो, पण ते स्क्रू अनेकदा तळाच्या चिकट पट्टीखाली लपलेले असतात आणि ते शोधणं हाच पहिला शोध ठरतो. आत छोटा एलईडी, त्याखालचं भिंग, बोटाखाली क्लिक करणारा स्विच, चाकाबरोबर फिरणारी खाच पाडलेली चकती, हे सगळं डोळ्यांना दिसतं आणि कशासाठी आहे ते विचार करून सांगता येतं.

क्रम असा ठेवा. उघडण्याआधी प्रत्येकीने आत काय असेल याचं चित्र काढायचं. मग उघडायचं आणि प्रत्येक पायरीला फोटो घ्यायचा. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदाला लावलेल्या चिकटपट्टीवर ओळीने ठेवायचे. शेवटची वीस मिनिटं पुन्हा बंद करण्यासाठी राखून ठेवायची. हा शेवटचा भाग वेळेअभावी गाळला जातो, आणि तो गाळला की पुढच्या सत्रांचा पाया कच्चा राहतो. जे उघडलं ते परत बसवता येतं, हे हाताला कळायला हवं. त्याशिवाय उघडण्याची भीती जात नाही.

इशारा, आणि यात तडजोड नको: जुना काचेच्या नळीचा टीव्ही, मायक्रोवेव्ह, फ्लॅश असलेला कॅमेरा, चार्जर, संगणकाचा पॉवर सप्लाय यांना हात लावू द्यायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) वीज साठलेली राहू शकते. फोन आणि लॅपटॉपच्या लिथियम बॅटऱ्या टोचल्या किंवा वाकल्या तर पेट घेऊ शकतात, म्हणून तेही बाद. सेलवर चालणाऱ्या वस्तूंतले सेल आधी काढून घ्या.

४. दुसरं आणि तिसरं सत्र: दिवा लावणं, आणि मग न लागणारा दिवा

दिवा लावणं हा अर्ध्या तासाचा भाग आहे. आधी ब्रेडबोर्डच्या आत काय आहे ते मल्टिमीटरच्या बीपने शोधून काढू द्या: मधल्या भागातली पाच-पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात, मधल्या खाचेपलीकडची वेगळी असतात. हे फळ्यावर काढून सांगितलं तर विसरलं जातं; बीप ऐकत स्वतः नकाशा काढला तर विसरलं जात नाही.

मग हिशेब. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. ४.५ मधून २ गेले, उरले २.५. ते २२० ओहममधून गेले की प्रवाह सुमारे ११ मिलीअँपिअर, म्हणजे एलईडी छान उजळ आणि सुरक्षित. हा भागाकार प्रत्येकीने दिवा लावण्याआधी करायचा. गणित आधी आणि दिवा नंतर, हा क्रम मुद्दाम आहे. गणिताने जे सांगितलं तेच हातात घडतं, हा अनुभव गणिताबद्दलचं मत बदलायला व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडतो. एलईडीचा लांब पाय धन बाजूला, एवढं सांगा आणि थांबा.

आता खरा धडा. आदल्या दिवशी बिघडवलेल्या मांडण्या बाहेर काढा. प्रत्येक जोडीला एक. नियम फळ्यावर लिहा:

क. तारा हलवून पाहायच्या नाहीत. आधी मोजायचं.

ख. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळं टोक बॅटरीच्या ऋण बाजूला कायम टेकवून ठेवायचं.

ग. लाल टोक बॅटरीच्या धन बाजूपासून सुरू करून एक-एक जोड पुढे न्यायचं आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहायचा.

घ. आकडा जिथे अनपेक्षितपणे बदलतो, बिघाड त्या दोन जागांच्या मध्ये आहे.

चालू सर्किटमध्ये आकडे असे येतात: बॅटरीपाशी ४.५ च्या आसपास, रेझिस्टरनंतर २ च्या आसपास, एलईडीनंतर शून्य. रेझिस्टरनंतरही ४.५ च असेल तर प्रवाह वाहतच नाही. एलईडी उलटा आहे, जळलेला आहे किंवा त्याच्यापुढे कुठेतरी मार्ग तुटला आहे. यापैकी कोणतं, हे पुढच्या मोजमापाने कळतं. एलईडीनंतर शून्य आला तर दोष एलईडीत किंवा त्याच्या आधीच्या जोडात, बॅटरीपाशीच १.५ दिसला तर एक सेल उलटा.

इथे वेळ लागू द्या. दोन सत्रं लागली तरी चालतील. बिघाड शोधण्याची ही पद्धत नुसती दिव्यापुरती नाही. सॉफ्टवेअरमधली चूक शोधणारी, रुग्णालयातलं यंत्र दुरुस्त करणारी, प्रयोगशाळेत चुकीचे निकाल का येतात ते तपासणारी, या सगळ्याजणी हेच करतात: जिथपर्यंत ठीक आहे तिथपर्यंत खात्री करत जायचं आणि शंकेची जागा लहान करत न्यायची. मुलींना हे जसंच्या तसं सांगा. आपण आत्ता करतोय ते कुणाचं तरी रोजचं काम आहे, हे कळणं महत्त्वाचं.

शिकवणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक याच टप्प्यात होते. मुलगी अडली की हात पुढे जातो. वाईट वाटतं, वेळ कमी असतो, शेजारच्या जोडीचं झालेलं असतं. तरीही हात पाठीमागे बांधून ठेवा. विचारायचे प्रश्न तीनच: कुठपर्यंत मोजलंस? काय आकडा आला? काय यायला हवा होता? यांतून पुढचं पाऊल निघत नसेल तर शेजारच्या जोडीतल्या मुलीला बोलवा, पण तिलाही हात न लावता फक्त विचारायला सांगा.

इशारा: मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर आतला फ्यूज उडतो. पहिल्या चार सत्रांत प्रवाह मोजूच नका. ओहम आणि बीप या दोन्ही जागांवर मोजताना सेल काढलेले हवेत.

५. बोलणं: काय म्हणायचं, काय टाळायचं

हा वेगळा टप्पा नाही, पण मधेच सांगतो, कारण वरचं सगळं नीट करूनही इथे पाणी फिरतं.

बुद्धीची तारीफ करू नका. "किती हुशार आहेस" याऐवजी तिने काय केलं ते सांगा: "तू आधी सेल तपासलेस, म्हणून पाच मिनिटं वाचली." २०१७ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असं दिसलं, की "खूप खूप हुशार" माणूस म्हणजे आपल्यासारखीच कुणी असेल असं म्हणण्याचं प्रमाण सहाव्या वर्षापासूनच मुलींमध्ये घटू लागतं. हे काम हुशारांचं आहे, असं आपणच सुचवत राहिलो तर ज्यांना स्वतःबद्दल शंका आहे त्या बाहेर पडतात.

लहान मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. "चला, आज आपण शास्त्रज्ञ होऊया" यापेक्षा "चला, आज विज्ञान करूया" म्हणणं बरं. चार ते नऊ वर्षांच्या मुलांवरच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुसऱ्या प्रकारे सांगितलं तेव्हा मुली कामात जास्त वेळ टिकल्या. काम करता येतं. ओळख आपली आहे की नाही, ते नंतर ठरतं.

"मुलीसुद्धा हे करू शकतात" हे वाक्य बंद करा. ज्या मुलीच्या मनात ही शंका आली नव्हती तिच्याही मनात ते ती पेरतं. तसंच सगळं साहित्य गुलाबी करणं, प्रत्येक प्रयोग दागिन्यांशी किंवा सौंदर्यप्रसाधनांशी जोडणं. एखादीला आवडलं तर ती स्वतः तसा विषय निवडेल. आपण तिच्या वतीने ठरवू नये.

६. चौथं सत्र: सोल्डरिंग

सोल्डरिंग म्हणजे तापणाऱ्या टोकाच्या हत्याराने, म्हणजे इस्त्रीने, सोल्डर नावाची धातूची वायर वितळवून भाग पक्के जोडणं. हा टप्पा पालक आणि शिक्षक सर्वांत आधी गाळतात, "भाजेल" म्हणून. गाळू नका. गरम, धोकादायक वाटणारं हत्यार आपल्याला विश्वासाने दिलं जातं आणि आपण ते नीट वापरतो, याने मुलींच्या बसण्या-उठण्यात फरक पडलेला मी पाहिला आहे. पण तयारी कडक हवी.

तयारी: केस बांधलेले, लोंबणारे कपडे खोचलेले, बंद बूट. डोळ्यांवर चष्मा, काम करणारीच्याही आणि शेजारणीच्याही, कारण जोडलेल्या भागांचे कापलेले पाय उडतात. खिडक्या उघड्या, धूर फ्लक्सचा (सोल्डर वायरमधल्या, जोड साफ करणाऱ्या पदार्थाचा) असतो आणि तो श्वासात नको. खोलीत खाणं-पिणं नाही. प्रत्येक इस्त्रीला स्वतःचा स्टँड. एका मोठ्या माणसामागे चारपेक्षा जास्त मुली एका वेळी नकोत, बाकीच्यांना तोवर दुसरं काम द्या. शक्य तर शिसं नसलेली सोल्डर वायर घ्या, आणि कुठलीही असली तरी शेवटी साबणाने हात धुवायचे.

कृती:

क. इस्त्रीचं टोक ओल्या स्पंजवर पुसा. तापमान ठरवता येत असेल तर ३२० ते ३५० अंश सेल्सिअस.

ख. टोक एकाच वेळी पट्टीवरच्या तांब्याच्या गोलाला आणि भागाच्या पायाला टेकवा. दोन-तीन सेकंद थांबा.

ग. सोल्डर वायर इस्त्रीच्या टोकाला नाही, तापलेल्या जोडाला लावा. ती आपोआप वितळून पसरली पाहिजे.

घ. आधी वायर बाजूला, मग इस्त्री. फुंकर मारायची नाही, जोड गार होईपर्यंत हलवायचा नाही.

जोड पायाभोवती तंबूसारखा निमुळता चढलेला दिसला तर चांगला. गोळा होऊन वर बसला असेल तर तो आतून चिकटलेला नाही, पुन्हा तापवा. शिसं नसलेल्या सोल्डरचा चांगला जोडही थोडा निस्तेज दिसतो, त्यामुळे चमक पाहू नका, आकार पाहा.

इशारा: इस्त्री हातातून सुटली तर तिला झेलायचं नाही, पडू द्यायचं. हे वाक्य सत्राच्या सुरुवातीला सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

पहिला जोड निकामी पट्टीवर करा, खऱ्या प्रकल्पावर नाही. प्रत्येकीने दहा जोड करून स्वतःच त्यांतले चांगले-वाईट ओळखून खुणा करायच्या.

७. पाचवं सत्र: कोड, पण वस्तूला जोडून

नुसत्या पडद्यावरचा कोड या टप्प्यावर शिकवू नका. मायक्रोकंट्रोलरची (प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपची) छोटी पाटी घ्या आणि आधीच लावता येतो तो दिवा आता कोडने लावा. सर्किट ओळखीचं आहे, नवी गोष्ट एकच आहे. दोन नव्या गोष्टी एकदम आल्या की बिघाड कशात आहे ते कळत नाही.

सॉफ्टवेअर आदल्या दिवशी सगळ्या संगणकांवर टाकून, प्रत्येकावर एकदा प्रोग्राम चढवून पाहा. न चालण्याचं एक कारण वारंवार भेटतं: फक्त चार्जिंगची यूएसबी केबल. पाटीवरचा दिवा लागतो पण संगणकाला पाटी दिसत नाही, आणि अर्धं सत्र त्यात जातं. चाललेल्या केबलला खुणेची पट्टी लावून ठेवा.

जोडीत एक जण कीबोर्डवर, दुसरी सांगणारी. दर दहा मिनिटांनी अदलाबदल, घड्याळ लावून. जिला आधीपासून येतं ती कीबोर्ड सोडत नाही, म्हणून हे तिच्या मर्जीवर ठेवू नका. कोडची ओळ बदलण्याआधी काय होईल याचा अंदाज लिहायचा: थांबण्याचा वेळ १००० मिलीसेकंदांवरून १०० केला तर? १० केला तर? फार जलद लुकलुकणारा दिवा डोळ्यांना सलग पेटलेला दिसतो, हे त्यांना आपोआप सापडतं. ते सांगून टाकू नका.

इशारा: मोटर थेट पाटीच्या पिनला जोडू नका. पिन जेमतेम एक-दोन एलईडी पेलतील एवढाच प्रवाह देते. मोटरला ट्रान्झिस्टर, उलटा डायोड आणि वेगळे सेल लागतात.

८. सहावं आणि सातवं सत्र: तिचा स्वतःचा प्रश्न

इथवर सगळ्यांनी एकच गोष्ट केली. आता प्रत्येक जोडीची वेगळी. विषय देऊ नका, एक प्रश्न द्या: "तुझ्या रोजच्या दिवसात तुला कोणती गोष्ट मोजावीशी वाटते किंवा कशाने वैताग येतो?" दारावरची सूचना, झाडाला पाणी कधी हवं, अभ्यासाच्या टेबलावर उजेड पुरेसा आहे का, असं काहीही चालेल. एवढीच अट घाला की एक सेन्सर, एक काहीतरी होणं (दिवा, आवाज, हालचाल) आणि दोन सत्रांत पूर्ण.

अट घालताना ठाम राहा. भव्य कल्पना अर्धवट राहतात आणि अर्धवट काम घरी नेणारी मुलगी पुढच्या वेळी येत नाही. छोटं पण चालणारं.

झाडाचा विषय बहुधा कुणीतरी निवडेल, म्हणून एक सूचना. मातीचा ओलावा रोधावर मोजणारे स्वस्त सेन्सर सतत विजेवर ठेवले तर धातूची टोकं विद्युत-अपघटनाने काही दिवसांत झिजतात. मोजतानाच वीज द्यायची आणि मग बंद करायची. हे आधी सांगू नका. टोकं काळवंडली की त्यांना विचारू द्या, मग रसायनशास्त्र तिथेच उघडून बसता येतं.

प्रत्येकीने एक वही ठेवायची: काय करायचं होतं, काय घडलं, काय बदललं. सुबक नको, तारखेसह हवी. पुढे प्रवेशासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी "तू काय केलं आहेस?" असं विचारलं की तिच्याकडे दाखवायला हे असेल, आणि प्रमाणपत्रापेक्षा ते कितीतरी वजनदार ठरतं.

९. आठवं सत्र: पालक आणि पाहुणी

प्रदर्शन भरवू नका, जिथे पालक हात मागे बांधून टेबलांवरून फिरतात. मुलीने आपल्या आई-वडिलांना दिवा जोडायला शिकवायचं, त्यांच्या हातांनी. घरी जे ठरवणारे असतात त्यांनी तिला शिकवताना पाहिलं की विषय निवडीच्या वेळी बोलणं वेगळ्या पातळीवर सुरू होतं. याच दिवशी पालकांना एक गोष्ट मागा: घरातलं एक तांत्रिक काम यापुढे तिचं. सेल बदलणं, सैल झालेला दांडा घट्ट करणं, नवं उपकरण सूचनापुस्तिका वाचून चालू करणं. भाऊ असेल तरी हे काम तिचंच.

पाहुणी म्हणून या क्षेत्रात काम करणारी बाई बोलवा, आणि तिच्याइतकीच महत्त्वाची म्हणजे मुलींपेक्षा तीन-चार वर्षांनीच पुढे असलेली विद्यार्थिनी. फार मोठ्या नावाची व्यक्ती कौतुकापुरती राहते. तिथे पोचायचा रस्ता दिसत नाही. पाहुणीला आधीच तीन गोष्टी सांगा: कामाचं एखादं हत्यार किंवा कामाचा नमुना घेऊन ये, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नकोस, आणि गेल्या आठवड्यात कुठे अडली होतीस ते सांग. उरलेला वेळ ती मुलींच्या टेबलावर बसेल.

करिअरबद्दल बोलताना पदव्यांची यादी वाचू नका. कामं सांगा: कुणी सर्किटची पाटी आखते, कुणी औषधाची शुद्धता तपासते, कुणी उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचा अंदाज घेते, कुणी पुलाचं कंपन मोजते. आणि एक व्यावहारिक गोष्ट स्पष्ट सांगा. गणित मधेच सोडलं तर पुढे अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र यांतले बरेच दरवाजे बंद होतात आणि नंतर उघडायला खूप कष्ट पडतात. नक्की ठरलेलं नसेल तर गणित ठेवा, हा सल्ला मी प्रत्येक पालकाला देतो.

१०. उपयोग झाला का, हे कसं पाहायचं

"मजा आली का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, सगळ्याजणी हो म्हणतात. पहिल्या आणि आठव्या सत्रात एकच न चालणारी मांडणी द्या आणि पाहा. मुलगी किती वेळात मदत मागते? मागण्याआधी काही मोजते का? मल्टिमीटर कुणाच्या हातात आहे? एखाद्या सहकाऱ्याला फक्त एवढंच नोंदवायला बसवा: दर पाच मिनिटांनी प्रत्येक जोडीत हत्यार कुणाकडे आहे. कागदावर एकाच नावापुढे खुणा दिसल्या तर पुढच्या वेळी ती जोडी बदला.

तीन महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा एका दुपारी बोलवा, घरची एखादी बंद पडलेली सेलवरची वस्तू घेऊन. कोण काय उघडून आलं आहे, कुणाला कुठला भाग हवा आहे, कुणाला पुढचा वर्ग हवा आहे, ते तिथेच लिहून घ्या. पुढच्या तुकडीसाठी मदतनीस याच मुलींमधून निवडा. त्यांनाही पहिल्याच दिवशी तोच नियम सांगा: विचारायचं, पण हात लावायचा नाही.